निवासगाडीसाठी कापडी छत आणि तंबू

आषाढी वारीस निघालेल्या दिंडीबरोबर बहुधा एक मालमोटार असते. वारकरी पायी चालत असतात. मालमोटार पुढे जाऊन मुक्कामाची जागा गाठते आणि दिंडी येऊन पोहोचण्यापूर्वी तेथे राहुट्या उभ्या राहतात. शिधा व सामान वाहनात आणि माणसे कापडाखाली, अशी ही वाटणी होय. दुसऱ्या दिवशी पहाटे मेखा उपटल्या जातात, कापड गुंडाळले जाते आणि तेच घर पुढच्या गावी पुन्हा उभे राहते. ज्या वाहनाला आज निवासगाडी किंवा कॅराव्हॅन म्हणतात, त्याच्या सोयीमागचे तत्त्व या जुन्या व्यवस्थेहून वेगळे नाही.

निवासगाडीत निजण्यास फळी, लहानशी चूल, पाण्याची टाकी व दिवे असतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा वाहनांतून होणाऱ्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. तथापि वाहन कितीही सोयीचे असले, तरी त्याची रुंदी रस्त्याच्या नियमांनी बांधलेली असते. चार माणसे आत बसली की पाचव्यास वळण्यास जागा उरत नाही. यास्तव वाहनाच्या कुशीला कापडाची एक खोली जोडावी लागते. ती कशी निवडावी, हा प्रश्न वरकरणी हौसेचा वाटतो. परंतु त्यात सूर्य, वारा, पाऊस, माती आणि माणसाचा श्वास या साऱ्यांचा विचार येतो, आणि निवड चुकल्यास प्रसंगी जिवाशी गाठ पडते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक निश्चित जागा घेऊ. लखनौ शहराच्या दक्षिणेस, रायबरेली मार्गालगत, उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने वसविलेली वृंदावन योजना ही मोठी वसाहत आहे. तिच्यातील विस्तीर्ण मैदानावर फेब्रुवारी २०२० मध्ये संरक्षण साहित्याचे राष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स या संघटनेचा एकोणिसावा राष्ट्रीय मेळावा तेथेच झाला, आणि देशभरातून आलेल्या मुलामुलींसाठी तंबूंचे नगर वसले. गंगेच्या मैदानातील ही सपाट, उघडी भूमी तंबूची परीक्षा पाहण्यास योग्य आहे. कारण मे महिन्यातील लू, जूनमधील धुळीची आंधी, पावसाळ्यातील सरी आणि जानेवारीतील दाट धुके ही चारही संकटे एकाच जागी एका वर्षात अनुभवास येतात.

छताचे प्रकार

वाहनासोबत वापरावयाच्या कापडी निवाऱ्याचे चार मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार गुंडाळी छताचा. वाहनाच्या एका बाजूस, वरच्या कडेला, लांब पेटीत कापड गुंडाळलेले असते. हात फिरवून ते बाहेर ओढले की दोन बाहूंवर पसरते. हे काम दोन मिनिटांचे आहे. पण छताला भिंती नसतात, आणि वाहन हलवावयाचे तर ते प्रत्येक वेळी आत घ्यावे लागते.

दुसरा प्रकार सुट्या कापडाचा. कापडाची एक कड वाहनाला अडकवून दुसरी कड दोन काठ्यांवर तोलतात व दोरांनी ताणतात. हा सर्वांत स्वस्त व हलका उपाय होय. परंतु तो नीट ताणणे हे अभ्यासाचे काम आहे.

तिसरा प्रकार स्वतंत्र उभ्या राहणाऱ्या तंबूचा. त्याला स्वतःचा सांगाडा असतो आणि कापडी बोळाने तो वाहनाच्या दाराशी जोडता येतो. बोळ सोडवून वाहन बाजारात किंवा घाटावर नेता येते. तंबू व सामान जागेवरच राहते. एका ठिकाणी तीन-चार दिवस मुक्काम असेल तर हाच प्रकार सोयीचा. मात्र खरेदीपूर्वी जमिनीपासून वाहनावरील पट्टीपर्यंतची उंची मोजून घ्यावी. बोळ आखूड पडला तर फटीतून पाणी येते आणि लांब झाला तर त्यात पाणी साचते.

चौथा प्रकार टपावरच्या तंबूचा. जमीन ओली असो वा खडकाळ, निजणारा वर सुरक्षित राहतो. परंतु वजन उंचावर गेल्याने वाहनाचा गुरुत्वमध्यही वर सरकतो आणि वळणावर ते अधिक कलते. टप किती भार सोसेल, हे वाहनाच्या माहितीपुस्तिकेत पाहिल्यावाचून हा प्रकार घेऊ नये.

वाहनाला कायमची पेटी किंवा टपावर जड साहित्य बसविण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे निर्बंध आहेत. म्हणून प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी चौकशी करणे श्रेयस्कर.

सूर्य आणि सावली

छत घेताना लोक त्याची लांबी-रुंदी विचारतात. सूर्याची दिशा क्वचितच विचारात घेतात. वास्तविक सावली कापडाच्या बरोबर खाली पडतेच असे नाही. सूर्य जितका खाली, तितकी सावली दूर सरकते.

समजा, छत जमिनीपासून २.२ मीटर उंच आहे आणि वाहनापासून २.५ मीटर बाहेर आले आहे. २१ जूनला लखनौस मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून सुमारे ८७ अंशांवर असतो. तेव्हा सावली वीतभरही सरकत नाही. परंतु मेच्या मध्यास दुपारी चार वाजता सूर्य पश्चिमेस सुमारे ३५ अंशांवर उतरतो. त्या वेळी सावली तीन मीटरांहून अधिक पूर्वेकडे सरकते. छत वाहनाच्या पश्चिम अंगास असेल, तर त्याची सारी सावली वाहनावर व त्याच्या खाली पडेल आणि छताखाली बसलेला माणूस पूर्ण उन्हात राहील. दिवसातील सर्वांत तापलेल्या प्रहरी छत असून नसल्यासारखे होईल.

यावरून उन्हाळ्यातील पहिला नियम निघतो. वाहन दक्षिणोत्तर उभे करावे आणि छत पूर्वेच्या अंगास ओढावे. दुपारनंतर वाहन स्वतःच भिंत होते. अडीच मीटर उंचीच्या वाहनाची सावली चार वाजता साडेतीन मीटरांपर्यंत पोहोचते.

हिवाळ्यात गरज उलट असते. २१ डिसेंबरला लखनौस मध्यान्हीचा सूर्यही दक्षिणेस केवळ ४० अंशांवर असतो. वाहन पूर्वपश्चिम उभे करून छत दक्षिणेकडे ओढल्यास सावली सुमारे २.६ मीटर उत्तरेस सरकते, म्हणजे छताखालची जमीन मोकळी राहून तेथे ऊन येते आणि वर दव अडते. एकच छत उन्हाळ्यात सावलीसाठी आणि हिवाळ्यात उबेसाठी वापरता येते. बदलावी लागते ती केवळ वाहनाची दिशा.

सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला मात्र वरचे कापड अडवू शकत नाही. तेथे उभे कापड हवे. मराठी मुलखात मांडवाच्या कडेला कनात लावतात, ती याच कारणाने. छत डोक्यावरच्या उन्हासाठी आणि कनात तिरप्या उन्हासाठी, ही विभागणी लक्षात ठेवावी. म्हणून घ्यावयाच्या छताला एक तरी बाजूपडदा लावण्याची सोय असल्याची खात्री करून घ्यावी.

ऊन अडले म्हणजे उष्णता अडली असे नव्हे. तापलेले कापड स्वतः उष्णतेचे प्रारण करू लागते व खालच्या माणसाचे डोके तापते. यावर दुहेरी छत हा जुना व खात्रीचा उपाय आहे. बाहेरचे कापड ऊन झेलते, दोहोंमधील वीतभर पोकळीतून वारा वाहतो आणि आतले कापड त्या मानाने थंड राहते. बाहेरचे कापड फिक्या रंगाचे असावे. तंबूला खाली आणि शेंड्याजवळ अशा दोन्ही ठिकाणी जाळीच्या खिडक्या असल्या, की गरम हवा वरून निघून जाते व तिच्या जागी खालून नवी हवा येते.

लू वाहत असता हवा अतिशय कोरडी असते. अशा वेळी वाळ्याची ओली ताटी वाऱ्याच्या बाजूस टांगल्यास आतील हवा बरीच निवते. एक किलोग्रॅम पाण्याचे बाष्प होताना सुमारे २,४०० किलोजूल उष्णता शोषली जाते, आणि ती आसपासच्या हवेतूनच घेतली जाते. पावसाळ्यात हवा आधीच दमट असल्याने हा उपाय निरुपयोगी ठरतो.

कापडाची पारख

कॅनव्हास हा शब्द भांगेच्या लॅटिन नावावरून आला आहे. कारण पूर्वी हे जाड कापड भांगेच्या वाखापासून विणीत. आज ते मुख्यतः कापसाचे असते. लखनौपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवरील कानपूर शहर तंबूच्या उत्पादनासाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे. सुती कापडाचा विशेष असा की भिजल्यावर त्याचे धागे फुगतात आणि विणीतील छिद्रे आपोआप मिटतात. कोरड्या हवेत तीच छिद्रे उघडी राहून कापड श्वास घेते. नवा सुती तंबू वापरण्यापूर्वी एक-दोन वेळा भिजवून वाळवावा, असे सांगतात ते यासाठीच. त्याचे दोष दोन: तो जड असतो, आणि ओला गुंडाळून ठेवल्यास त्याला बुरशी लागते.

पॉलिएस्टरचे कापड हलके असते, लवकर वाळते व भिजल्यावर फारसे सैल पडत नाही. नायलॉन अधिक चिवट. पण ओले झाले की ताणले जाते आणि छताला झोळ येतो. या दोहोंवर पाणी अडविण्यासाठी पातळ लेप दिलेला असतो. पॉलिव्हिनाइल क्लोराइडचा जाड थर दिलेले कापड पुसून स्वच्छ करता येते व पाणी मुळीच आत घेत नाही; गुंडाळी छतांत ते पुष्कळदा वापरतात. परंतु ते जड असते आणि हवाही अडविते. पॉलिथिलीनची ताडपत्री सर्वांत स्वस्त. मात्र उन्हातील अतिनील किरणांनी ती ठिसूळ होऊन लवकर फाटते.

कृत्रिम कापडाच्या तंबूवर पुष्कळदा ‘२,००० मिलिमीटर’ असा आकडा छापलेला असतो. हा पावसाचा आकडा नव्हे. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला आणि त्याची उंची वाढवीत नेली, तर कितव्या मिलिमीटरला पाणी झिरपू लागते, ते तो सांगतो. एक मीटर उंचीच्या स्तंभाचा दाब सुमारे दहा किलोपास्कल असतो. नुसत्या पावसाला छतावर १,५०० ते २,००० मिलिमीटर पुरेसे होतात. जमिनीवरील कापडाला मात्र अधिक क्षमता हवी. कारण ओल्या मातीवर गुडघा टेकला की दाब एका लहानशा जागेवर एकवटतो. आकडा मोठा असूनही शिवण उघडी असेल तर पाणी तेथून येते. म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटविली आहे की नाही, हे बोट फिरवून पाहावे.

पावसाचे वजन

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, अर्थात एक किलोग्रॅम पाणी. तीन मीटर लांब व अडीच मीटर रुंद छताचे क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर होते. पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर ३७५ किलोग्रॅम पाणी येते. ते वाहून गेले तर काहीच बिघडत नाही. साचले तर मात्र अनर्थ होतो. छत सपाट असले की मध्ये किंचित झोळ पडतो, झोळात पाणी थांबते, पाण्याच्या वजनाने झोळ वाढतो आणि वाढलेल्या झोळात आणखी पाणी येते. हे चक्र बाहू वाकेपर्यंत चालू राहते.

उपाय अगदी सोपा आहे. छताचा एक कोपरा इतरांपेक्षा हातभर खाली बांधावा, म्हणजे पाण्याला वाट मिळते. घेतेवेळी पाय स्वतंत्रपणे खालीवर करता येतात का, हे अवश्य पाहावे.

वाऱ्याचा जोर

छतांची हानी पावसापेक्षा वाऱ्याने अधिक होते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. अभियंते त्यासाठी पुढील सूत्र वापरतात: वेग दर सेकंदास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा आणि त्यास ०.६ ने गुणावे. उत्तर दर चौरस मीटरवरील न्यूटनमध्ये मिळते.

साडेसात चौरस मीटरच्या छतावर हा दाब पूर्णपणे पडला असे धरल्यास पुढील अंदाज निघतात. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे ११ किलोग्रॅम वजनाइतका जोर. ताशी ३६ किलोमीटरला ४६. आणि ताशी ७२ किलोमीटरला १८० हून अधिक. भारतीय मानक ८७५, भाग ३ मध्ये इमारतींच्या आराखड्यासाठी लखनौस वाऱ्याचा मूळ वेग दर सेकंदास ४७ मीटर, मुंबईस ४४ आणि पुण्यास ३९ मीटर धरला आहे. ४७ मीटरला वरील छतावर सुमारे एक टनाचा जोर येईल. कापडी छताने तो सोसावा अशी अपेक्षा नाही. त्याने वेळीच मिटावे एवढीच अपेक्षा आहे.

म्हणून गुंडाळी छत घेताना ‘किती वाऱ्यात टिकेल’ यापेक्षा ‘किती लवकर मिटेल’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागली म्हणजे वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास पोहोचला असे समजावे आणि छत आत घ्यावे. आंधीपूर्वी पुष्कळदा काही काळ वारा अगदी पडतो. त्या शांततेवर विसंबू नये. छत उघडे टाकून फिरावयास जाणे तर सर्वथा टाळावे.

आंधीबरोबर वीजही येते. तंबू विजेपासून रक्षण करीत नाही. त्यातील धातूच्या काठ्या उलट धोका वाढवितात. धातूच्या टपाचे, काचा बंद केलेले वाहन मात्र सुरक्षित असते, कारण विजेचा प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरतो. गडगडाट कानी पडताच सर्वांनी तंबू सोडून वाहनात यावे. निवासगाडीतील प्रवाशास ही सोय उपलब्ध असते. नुसत्या तंबूतील माणसास ती नसते.

मेख आणि माती

दोर कितीही मजबूत असला, तरी त्याची शक्ती शेवटी मातीवर अवलंबून असते. गंगेच्या गाळाची माती बारीक असते. कोरडी असता ती मेख धरते, पण पावसाने मऊ झाली की सोडून देते. अशा ठिकाणी लांब व रुंद पात्याची मेख हवी. दख्खनच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात व पावसात चिखल होतो. मुरमाड माळावर पातळ मेख वाकते, तेथे जाड लोखंडी मेख लागते. मेख तंबूपासून दूर कलती ठोकावी, म्हणजे दोर व मेख यांत सुमारे काटकोन होतो आणि ती सहजी उपटत नाही. माती अगदीच भुसभुशीत असेल, तर पोत्यात वाळू भरून ते हातभर खोल पुरावे व त्यास दोर बांधावा.

ताग वा सुताचे दोर भिजले की आखडतात. रात्री दव किंवा पाऊस पडण्याचा संभव असेल तर निजण्यापूर्वी ते थोडे सैल करावेत. नाहीतर सकाळी मेखा उपटलेल्या किंवा कापड फाटलेले आढळते.

धुके, दव आणि अदृश्य विष

जानेवारीत लखनौस रात्र अतिशय थंड असते. अशा रात्री तंबूत आतून पाणी ठिबकते आणि लोक कापडास दोष देतात. वस्तुतः ते पाणी माणसांचेच असते. चार माणसांच्या श्वासातून व त्वचेतून रात्रभरात सुमारे एक लिटर पाण्याची वाफ निघते, आणि ती थंड कापडावर दवाच्या रूपाने जमते. खिडक्या बंद करून हा दोष वाढतो, उघड्या ठेवून कमी होतो.

येथेच सर्वांत मोठा धोका आहे. थंडीमुळे माणसे फटी बुजवितात आणि आत कोळशाची शेगडी ठेवतात. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने जोडला जातो, आणि झोपलेला माणूस जागा न होताच दगावतो. तंबू वाहनाला जोडलेला असता इंजिन चालू केले तरी तेच घडू शकते, कारण धूर कापडाखाली कोंडतो. यास्तव बंद तंबूत शेगडी, स्टोव्ह किंवा जनित्र कधीही पेटवू नये. थंडीला पांघरूण वाढवावे, आग नव्हे.

आगीचा दुसरा धोका प्रत्यक्ष जळण्याचा. १९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराज येथील महाकुंभात तंबूंना आग लागली आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या फुटल्या. चूल नेहमी छताबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगास असावी, आणि दोन तंबूंमध्ये माणूस सहज पळू शकेल इतके अंतर असावे.

निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम मुक्कामाचा ऋतू व कालावधी ठरवावा. रोज गाव बदलणाऱ्यास गुंडाळी छत किंवा सुटे कापड पुरे. एका जागी राहणाऱ्यास स्वतंत्र तंबू हवा. नंतर वाहनाची उंची मोजावी. त्यानंतर कापड पाहावे: उन्हाळ्यासाठी दुहेरी व फिके, पावसासाठी पट्टी लावलेल्या शिवणीचे, थंडीसाठी हवा खेळती ठेवणारे. सरतेशेवटी मेखा व दोर पाहावेत; पुष्कळदा महाग तंबूबरोबर अगदी नाजूक मेखा दिलेल्या असतात, त्या बदलून घेणे स्वस्तात पडते.

विकत घेतलेला तंबू प्रवासास निघण्यापूर्वी एकदा अंगणात किंवा शाळेच्या मैदानात उभा करून पाहावा, त्यावर चार बादल्या पाणी ओतावे, तो मिटण्यास किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे, आणि पूर्ण वाळल्यावरच गुंडाळावा. दिंडीतील माणसे राहुटी अंधारात व पावसातही चटकन उभारतात, ती रोजच्या सरावामुळे. कापड व काठ्या बाजारात मिळतात. हा सराव मात्र ज्याचा त्यालाच करावा लागतो.